कमानीच्या आतल्या अंगाला

अण्णा, फाट्यावर तुमच्या नावाची कमान उभी राहिली. चौसाळ्याकडून येणारी गाडी आपल्या गावाकडे वळते तिथं, बाभळीच्या अलीकडे. दोन बाजूंना सिमेंटचे खांब, वर आडवा पत्रा, पत्र्यावर निळा रंग आणि पांढरी अक्षरं. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. आता मी बीडला एका अभ्यासिकेत मुलींना शिकवते आणि शनिवारी गावी येते. आपल्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे गावात काही लिहायचं निघालं की लोक माझ्याकडे येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, तहसीलचा अर्ज, कुणाच्या दहाव्याचा फलक. कमानीचा मजकूरही असाच माझ्याकडे आला, आणि त्यातल्या एका शब्दावरून आई आणि मी एकमेकींशी धड बोलत नव्हतो. ते सगळं तुम्हाला क्रमानं सांगावं असं वाटलं म्हणून लिहायला बसले आहे.

शब्द तुमचाच होता. मागं.

तुम्ही कमांडो तुकडीत होता आणि उत्तरेकडच्या सरहद्दीवरच्या जंगलात झालेल्या एका चकमकीबद्दल तुम्हाला शौर्यपदक मिळालं, एवढं गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पदक घ्यायला तुम्ही आईला दिल्लीला नेलं होतं. तिथं तुमचा पराक्रम आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत वाचून दाखवला, पण आईला त्यातलं फक्त आपल्या गावाचं नाव कळलं, तेही वाचणाऱ्यानं चुकीचं उच्चारलं. ती अजून सांगते, "म्या उठून सांगनार व्हते, आसं न्हाई म्हनत, पन ह्यांनी डोळे वटारले." पुढे तुमच्या एका कानाचं ऐकू येणं कमी झालं, मुदत संपली आणि तुम्ही घरी आलात. लोकांना वाटलं पेट्रोलपंप मिळेल, नाहीतर पुण्याला कुठल्या तरी कंपनीच्या फाटकावर मोठ्या पगाराची नोकरी. तुम्ही मेंढरं घेतली. आजोबांची होती तशीच, काळी आणि तांबूस. गावातल्या बागाईतदारांना हे फार चमत्कारिक वाटलं. आपली मेंढरंवाल्यांची घरं गावाच्या कडेला, मोजकीच. तिथं कुणालाच त्यात काही नवल वाटलं नाही.

घरात तुमची एक सवय आजीला बिलकुल चालायची नाही. आपल्याकडे आधी पुरुष जेवतात, मग पोरं, मग बायका. तुम्ही सगळ्यांचं झाल्यावर आईबरोबर जेवायचे. चुलीपाशी पाटावर बसून तव्यावरची शेवटची भाकरी आईबरोबर अर्धी अर्धी करायचे, आणि भाजी उरली नसेल तर ठेचा. आजी म्हणायची, "पलटनीत गेलतास का नांदाया गेलतास? लेक हाईस माझा, सून न्हाईस." तुम्ही म्हणायचे, सगळ्यांचं झालं का ते बघूनच बसलेलं बरं. आजीला ते उत्तर कधीच पटलं नाही. मला तेव्हा वाटायचं की तुम्हाला उशिरा भूक लागते.

तो चौसाळ्याच्या बाजाराचा दिवस मला नीट आठवतो. तुम्ही मला हॉटेलात घेऊन गेलात. माझ्यापुढे भज्यांची बशी आहे आणि मी मिरची बाजूला काढतेय. बाकड्यावर आपल्याच गावची पाच-सहा माणसं आहेत. कुणी तरी म्हणतो, कमांडोसायब, आज सांगाच, पदक कशाबद्दल दिलं. तुम्ही चहा बशीत ओतता, फुंकर घालता आणि म्हणता, "काय न्हाई. मी मागं व्हतो." तेवढंच. माणसं वाट बघतात, तुम्ही चहा पिता. मग त्यातला एक, ज्याचा ऊसतोडीच्या मुकादमीवर मोठा जम आहे तो, हळूच म्हणतो, "मागं ऱ्हाऊन बी पदक भेटतंय व्हय? मग आमाला बी द्या की. आमी तर घरीच व्हतो." सगळं हॉटेल हसलं. तुम्हीही हसलात, अगदी मनापासून, बशीतला चहा सांडेपर्यंत. तुम्ही हसलात म्हणून मीही हसले.

तो विनोद आपल्याआधी गावात पोचला. काही दिवसांत तुमचं नावच 'मागचा कमांडो' पडलं. शाळेत मी 'मागच्याची' झाले. त्याचं मला फारसं वाटलं नाही, शाळेत प्रत्येकाला काही ना काही नाव होतंच. पण आईला गिरणीवर एका बाईनं विचारलं, तुझा मालक मागं लपला व्हता म्हनं. 'मागं व्हता'चं 'मागं लपला व्हता' झालं होतं. आईनं दळण उचललं. पीठ डोक्यावर घेऊन घरी आली आणि त्यानंतर त्या गिरणीत गेली नाही. शेजारच्या वाडीला जायची, मैलभर लांब, भर उन्हात. तुम्हाला तिनं सांगितलं की तिकडं पीठ बारीक निघतं. ते तुम्हाला खरं वाटलं होतं का, हे मला कधी कळलं नाही.

मागं म्हणजे काय हे मला कळलं तो दिवस वेगळा. उन्हाळ्याची सुट्टी होती. तुम्ही मला मेंढरांबरोबर घेऊन गेला होता, डोंगराच्या अंगाला. सकाळी निघताना तुम्ही पुढे झालात आणि मला कळपाच्या मागे ठेवलंत. हातात काठी दिलीत. पुढे चालणारा बिर्र बिर्र करत वाट दाखवतो, कळप त्याच्यामागे जातो, आणि मागं असतं ते सगळं ज्याला चालवत नाही असं असतं. लंगडी मेंढी, म्हातारी, नुकतं जन्मलेलं कोकरू, गाभण. कुत्री येतात ती मागून, लांडगा येतो तोही मागून. मला हे माहीत होतं, मेंढरंवाल्याच्या पोरीला ते वेगळं शिकवावं लागत नाही. तरी दुपारी पुढे तळ्याचं पाणी दिसलं आणि मी कळपाच्या कडेनं पळत तुमच्यापाशी आले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. कळपाच्या मागे पाहिलं.

"मागं कोन हाय?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"मग तू कावून पुढं आलीस? मागलाच पुढं आल्यावर मागं कोन ऱ्हाईल?"

आवाज चढवला नाहीत. पण तुम्ही एवढे कोरडे माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता. कळप पाण्यावर सोडून आपण उलटे गेलो. कोकरू बोरीच्या जाळीत अडकलं होतं, ओरडून ओरडून त्याचा आवाज गेला होता. तुम्ही काटे काढले आणि ते माझ्या खांद्यावर दिलंत. परत येताना मी मुसमुसत होते म्हणून असेल, तुम्ही स्वतःहून बोलायला लागलात. म्हणालात, तिकडं जंगलात बी मी मागं व्हतो. रांगेत सगळ्यात शेवटी. आपले दोघं पडले, जखमी झाले, बाकीचे त्यांना उचलून उताराला लागले, आणि दुश्मन मागून आला.

मी विचारलं, "भ्या वाटलं?"

"लई वाटलं. पन मागं मीच व्हतो ना. मी त्यांला म्हनलं, तुमी चला, मागं मी हाय." थोडं चालून तुम्ही म्हणालात, "हिंदीत म्हनलं."

मग मला पुन्हा कळपाच्या मागे जायचं होतं आणि मी कचरत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, ऱ्हाऊ दे आज, तू चाल पुढं, मागं मी हाय. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कळपाच्या पुढे चालले. मागे वळून पाहायची गरज वाटली नाही.

त्या दिवसापासून मला वाटत आलं की हॉटेलातल्या माणसांना तुमचा शब्द कळलाच नाही. ज्याच्या बैलगाडीचा मान मिरवणुकीत पुढे, ज्याची खुर्ची सभेत पुढे, त्याला मागं म्हणजे कमीपणाच दिसणार. तुम्ही तर सगळ्यात जोखमीची जागा सांगत होतात आणि ती सांगताना तुम्हाला ती बढाई वाटत होती की काय, कोण जाणे. म्हणूनच बहुतेक जास्त बोलत नव्हता.

मग तुम्ही गेलात. काविळीनं, बीडच्या दवाखान्यात. कुणाची काही चूक नव्हती. गावाला मात्र ते जड गेलं. जंगलातून आलेला माणूस काविळीनं जातो, हे लोकांना सांगताना अडखळायला व्हायचं. बहुतेक त्यामुळेच की काय, काही वर्षांनी तुम्ही आपोआप शहीद झालात. आधी तालमीच्या फलकावर, मग गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर.

तर कमानीचा मजकूर. आपल्या गावच्या निवृत्त मास्तरांनी तो लिहिला होता: 'रणांगणात सर्वांच्या पुढे राहून शत्रूला धूळ चारणारे शहीद वीर', आणि खाली तुमचं नाव. शुद्धलेखन बघायला माझ्याकडे दिला. मी दोन शब्दांवर रेघ मारली, 'शहीद' आणि 'पुढे'. 'पुढे'च्या जागी 'मागे' लिहिलं आणि कागद घेऊन ग्रामपंचायतीत गेले. 'शहीद'वर थोडी हुज्जत झाली. मास्तर म्हणाले, "मग काविळीनं वारले असं लिहू का?" पण ते सरळ मनाचे गृहस्थ आहेत, शेवटी त्यांनी स्वतःच तो शब्द काढला. 'मागे' हा शब्द मात्र तिथं कुणाला वाचवेना. मी सगळं समजावून सांगितलं. कळप, लांडगा, रांगेतला शेवटचा माणूस. बराच वेळ बोलले, अभ्यासिकेत बोलते तशी. सरपंच शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, ताई, तुमचं खरं हाय, पण कमान येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी असते, त्यांना मेंढरं कुठं ठाऊक, मागं वाचलं की त्यांना माणूस पळताना दिसणार. एक तरुण सदस्य म्हणाला, "अन् समद्यांनीच मागं ऱ्हायाचं ठरिवलं तर आमी पुढाऱ्यांनी काय करायचं?" सगळे हसले. मलाही हसू आलं, विनोद चांगला होता. मग सरपंच म्हणाले, आईला विचारा, ती म्हणेल ते लिहू.

मला खात्री होती की आई माझ्या बाजूनं असेल. तिच्याइतका तो शब्द कुणाला माहीत होता? ती गोठ्यात मेंढरांना पाला टाकत होती. मी तिला दोन्ही मजकूर वाचून दाखवले, मास्तरांचा आणि माझा. तिनं पाल्याची फांदी खाली ठेवली.

"तुला शिकिवलं ते बापाला मागं टाकाया व्हय?"

हेच शब्द माझ्या पदवीच्या निकालाच्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्यानं कौतुकानं म्हटले होते, पोरीनं बापाला मागं टाकलं. तेव्हा आईनं घरोघर गूळ वाटला होता. आता तेच शब्द तिनं माझ्यापुढे टाकले. मी म्हटलं, अण्णा स्वतःच असं सांगायचे, खरं तेच लिहायला पाहिजे. ती म्हणाली, त्यांचं त्यांच्यापाशी. ते हसून मोकळे व्हायचे, पीठ डोक्यावर घेऊन वाडीला जायचे ते पाय माझे होते.

"पुढं लिव. मला वाचता येत न्हाई. पन वाचताना लोकांची तोंडं मला दिसत्यात."

मी कागदाची घडी घातली. तो आठवडा आम्ही दोघी कामापुरतं बोललो. मी बीडला गेले आणि मुलींना निबंधलेखन शिकवताना, खरं आणि योग्य यांत निवड करायची वेळ आली तर काय करावं, यावर मोठ्या आत्मविश्वासानं बोलले. एका मुलीनं विचारलं, आणि दोन्ही बरोबर असली तर? मी म्हटलं, उद्या सांगते. परतीच्या एसटीत खिडकीतून रस्त्यावरच्या गावांच्या कमानी बघत होते. प्रत्येक कमानीला दोन अंगं असतात, हे तेव्हा लक्षात आलं. येणाऱ्याला 'आपले सहर्ष स्वागत' दिसतं आणि गावातून बाहेर जाणाऱ्याला आतल्या अंगाला 'धन्यवाद, पुन्हा या'. आतल्या अंगाकडे कुणी लक्ष देत नाही.

मी सरपंचांकडे गेले आणि म्हटलं, पुढचं अंग आई म्हणते तसं करा. आतलं अंग मला द्या. त्यांनी विचारलं काय लिहिणार, आणि मी सांगितलं: 'तुमी चला, मागं मी हाय.' खाली तुमचं नाव. सरपंच म्हणाले, हे चांगलं आहे, गावातून पोरं भरतीला जातात, माणसं तोडीला जातात, पोरी सासरी जातात, सगळी इथूनच जातात. मास्तरांना वाक्य आवडलं, फक्त ते 'तुम्ही चला, मागे मी आहे' असं असावं असा त्यांचा आग्रह. कमानीवर अशुद्ध कसं लिहायचं? मी म्हटलं, सर, माणूस असाच बोलायचा. तरी पेंटर शिडीवर चढला तेव्हा मी खाली उभी राहिले, 'हाय' पुरता होईपर्यंत. त्यालाही राहवलं नाही, त्यानं विचारलंच, ताई, ह्याच्यात 'आ' ऱ्हायला का?

उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी आले, उशिरा. त्यांनी भाषणात तुम्हाला शहीदच केलं. फीत कापली, आईला शाल आणि नारळ दिला. मास्तरांनी पुढचा मजकूर मोठ्यानं वाचला. 'सर्वांच्या पुढे राहून' हे शब्द आले तेव्हा आई वर पाहत नव्हती. समोर बसलेल्या माणसांकडे पाहत होती, एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश. त्या मुकादमापाशी तिची नजर जरा जास्त वेळ थांबली. तो आता म्हातारा झालाय. तोही टाळ्या वाजवत होता.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघी गावाकडे निघालो. कमानीखालून आत आल्यावर आई थांबली, वळली आणि वर पाहिलं.

"अन् ह्या अंगाला काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, शाल दुसऱ्या हातात घेतली.

"हे तुला कुनी सांगितलं?"

"अण्णांनी. चकमकीत तेच म्हणाले होते."

"त्यांनी कुनाकडनं घेतलं?"

मला प्रश्न कळला नाही. मग तिनं सांगितलं, अगदी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. रजा संपली की ती तुम्हाला सोडायला याच फाट्यावर यायची, मी कडेवर. एसटी दिसली की तुमचा पाय उचलायचा नाही. तुमची म्हातारी आई, लहान पोर, मेंढरं, कोरडी विहीर, सगळं पुन्हा पुन्हा विचारत राहायचे. ड्रायव्हर हॉर्न मारायचा. मग ती म्हणायची, जावा तुमी, मागं मी हाय.

"दर खेपंला म्हनावं लागायचं. तवा कुठं चढायचे गाडीत." तिनं नारळ काखेत धरला. "ते माझं हाय. त्यांनी तिकडं नेलं."

मी म्हटलं, पेंटरला उद्या बोलावते, तुझं नाव घालू. ती नको म्हणाली. तुमच्या नावावर शोभतंय, राहू दे. आणि मेंढरं कोंडायची वेळ झाली होती, ते तिला आधी आठवलं.

"चल, व्हय पुढं," ती म्हणाली. मी पुढे झाले. तिच्या चपलांचा आवाज घरापर्यंत माझ्या मागून येत राहिला.

अण्णा, गेली कितीतरी वर्षं मला वाटत होतं की तुमचा शब्द या गावात फक्त मला समजला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही. रविवारी बीडला निघते तेव्हा कमानीखालून जाताना मी अजून वर बघते, वाक्याखालचं तुमचं नाव वाचते. पण ते वाक्य आता मला तुमच्या आवाजात ऐकू येत नाही. आईच्याच येतं.